हत्तींचा आकडा नव्हे, कल पाहा

देशात २०१७ मध्ये २७,३१२ हत्ती नोंदले गेले. विष्ठेतील डीएनएवर आधारलेल्या २०२५ च्या अहवालात अंदाज २२,४४६ आला. म्हणून पाच हजार हत्ती नाहीसे झाले, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. मोजण्याची पद्धतच बदलली आहे. शिवाय नव्या अंदाजानुसार खरा आकडा १८,२५५ ते २६,६४५ इतक्या रुंद पट्ट्यात कुठेही असू शकतो. मग घट सिद्धच होत नसेल तर काळजी कशाला, असे कुणी विचारेल. पण हत्तिणीचे गर्भारपण सुमारे बावीस महिन्यांचे आणि दोन पिल्लांत अंतर चार-पाच वर्षांचे. निर्विवाद पुराव्याची वाट पाहिली, तर झालेली घट भरून यायला दशके लागतील. म्हणून सरकारने भ्रमणमार्ग आजच राखावेत आणि हीच मोजणी, पद्धत न बदलता, ठरावीक वर्षांनी करावी.