किल्लीआधी वेळ द्या : पुण्यातल्या सर्व वडिलांना आवाहन

पुण्यातल्या बाबांनो,

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. फी भरणं, वह्या-पुस्तकांचे पैसे देणं, रिक्षावाल्या काकांशी महिन्याचं ठरवणं, ही कामं आपण नेहमीप्रमाणे पार पाडू. पण या वर्षी आणखी एक काम, मुलाला रोज वेळ देण्याचं, अंगावर घ्या, अशी हात जोडून विनंती करायला हे लिहीत आहे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही, कारण मुलं तोवर एका वर्षाने मोठी झालेली असतील.

19 मे 2024 ची पहाट पुणं विसरलेलं नाही. कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दुचाकीला उडवलं आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी इथे आलेले, 24 वर्षांचे दोन अभियंते गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार चालवत होता एक 17 वर्षांचा मुलगा. काही तासांत त्याला जामीन मिळाला. त्यातली 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट ऐकून शहर संतापलं. पुढे त्याच्या वडिलांनाही अटक झाली. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवील. पण त्या आठवड्यात पेठांपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता : त्याचे वडील काय करत होते? तो प्रश्न आपण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून विचारला आणि विसरून गेलो. तो आपापल्या घरात विचारायचा राहिला आहे.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. तरीही संध्याकाळी एखाद्या क्लासच्या दारात उभं राहून पाहा. नववी-दहावीतली किती मुलं दुचाकीवरून येतात! ‘सोडायला वेळ नाही, घेऊन जा गाडी,’ असं म्हणून घरातूनच किल्ली दिलेली असते. जिथे वेळ द्यायला हवा होता, तिथे आपण वस्तू दिली. आधी किल्ली, मग मोबाइल, मग पैसे. मूल हे सगळं घेतं आणि बाप काय देऊ शकतो, याचं गणित मनात मांडून ठेवतं.

आपल्या वेळेचा हिशेब सरकारी पाहणीतही आहे. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुष 21.4 टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्री दिवसाला सुमारे 140 मिनिटं देते, पुरुष 74. म्हणजे दर पाच पुरुषांतले जवळपास चार जण या कामाला हातच लावत नाहीत.

अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारत नाही. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत मूल झोपलेलं असतं. मार्केट यार्डातल्या हमालाचा दिवस मूल उठण्याआधी सुरू होतो. रात्रपाळीच्या वॉचमनला मूल भेटतं ते शाळेच्या गणवेशात, पाच मिनिटं. कायद्यानेही बापाला फारसं जमेत धरलेलं नाही. 2017 च्या दुरुस्तीने आईची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, ते योग्यच झालं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला वडील झाल्यावर 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या वडिलांना मात्र अशी रजा देण्याचं कंपन्यांवर कायद्याचं बंधन नाही. जे मिळतं ते मालकाच्या मर्जीवर.

तरीही बापाच्या एका निर्णयाने काय घडू शकतं, हे पुण्याला नव्याने सांगायला नको. जोतिराव फुले वर्षाचे व्हायच्या आत त्यांची आई चिमणाबाई गेली. वडील गोविंदराव आणि नात्यातल्या सगुणाबाई यांनी त्यांना वाढवलं. लोकांच्या बोलण्याला बळी पडून गोविंदरावांनी मुलाची शाळा सोडवली, त्याला शेतीच्या कामाला लावलं. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट या शेजाऱ्यांनी समजावलं तेव्हा त्यांनी ऐकलं आणि 1841 मध्ये जोतिराव पुन्हा शाळेत गेले. सात वर्षांनी, 1848 मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. गोविंदराव काही आदर्श बाप नव्हते. त्याच शाळेपायी समाजाच्या दबावाखाली त्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. पण एकदा आपली चूक त्यांनी सुधारली, आणि तेवढ्याने इतिहास बदलला. पुढे जोतिराव-सावित्रीबाईंनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांच्या सेवेला उभा राहिला. बाप होण्यासाठी रक्ताचं नातंही लागत नाही. रोजचं करणं लागतं.

म्हणून मागणं अगदी साधं आहे.

रोज अर्धा तास मुलाला द्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. त्या अर्ध्या तासात मार्कांची चौकशी करू नका. रात्रपाळी असेल तर डबा खाताना फोन करा, पण ठरलेल्या वेळी करा. आठवड्यातून एकदा डबा तुम्ही भरा, दप्तर तुम्ही आवरा, ताप आला तर एक रात्र तुम्ही जागा. याला बायकोला ‘मदत’ म्हणू नका; मूल दोघांचं आहे. रविवारी पर्वती चढा नाहीतर सिंहगडावर जा, खर्च फारसा नाही. मुलासमोर त्याच्या आईशी आवाज चढवू नका. बायकोशी कसं वागायचं, हे मुलगा तुमच्याकडूनच शिकतो आणि नवऱ्याकडून काय सहन करायचं, हे मुलगी. वयाची 18 वर्षं आणि परवाना, दोन्ही झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. मुलगा रुसेल, रुसू द्या.

शाळांना विनंती : पालकसभा कामाच्या दिवशी अकरा वाजता ठेवू नका, शनिवारी संध्याकाळी ठेवा. मुलाला बरं वाटत नसेल तेव्हा वडिलांनाही फोन करा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात त्यांचाही नंबर घ्या.

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांना विनंती : कायद्याची वाट न पाहता वडिलांना पगारी रजा द्या. आणि पालकसभेसाठी लवकर निघालेल्या माणसाची बढती त्यापायी अडवू नका.

आजी-आजोबांना, आयांनाही विनंती : बापाने वेणी वाकडी घातली, वरण करपवलं, तरी हसू नका. त्याच्या हातून काम काढून घेऊ नका. चार दिवसांत जमेल.

शाळेचा पहिला दिवस ही सुरुवात करायला चांगली संधी आहे. त्या सकाळी तासभर उशिरा कामावर जा. मुलाचं बोट धरून फाटकापर्यंत सोडायला स्वतः जा आणि वर्गशिक्षकांना आपलं नाव सांगून या. संध्याकाळी मूल सांगायला लागेल, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.