गरिबी सिद्ध करण्याची सक्ती

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून अपंगांना मिळणारे अर्थसाहाय्य दरमहा १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. शासनाच्या या औदार्याचे पुष्कळ कौतुक झाले. वस्तुतः २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमानुसार अपंगांचे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असले पाहिजे. असे असूनही २०२३ पासून निराधार आणि अपंग यांना सरसकट १५०० रुपयेच दिले जात होते. कायद्याने जे आधीच देणे होते, ते उशिरा दिले गेले. त्याला औदार्य म्हणण्याचे कारण नाही.

परंतु रकमेपेक्षा गंभीर प्रश्न पात्रतेचा आहे. अपंगत्व ४० टक्के असल्याचा दाखला पुरेसा होत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असावे लागते. ही मर्यादा माणसाची नाही, कुटुंबाची आहे, आणि मेख नेमकी तेथेच आहे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. पायाने अधू असलेल्या पुरुषाच्या पत्नीला या दराने वर्षात १६१ दिवस काम मिळाले, तर कुटुंबाची मिळकत ५० हजारांच्या पुढे जाते आणि पती अपात्र ठरतो. म्हणजे शासनाने एका हाताने मजुरी द्यावयाची आणि त्याच मजुरीच्या आधारे दुसऱ्या हाताने अनुदान नाकारावयाचे! अशा कुटुंबापुढे दोनच मार्ग उरतात: काम सोडावे, अथवा तलाठ्यापुढे उत्पन्न कमी सांगावे. बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात. त्यांना लबाड ठरविण्यापूर्वी ही मर्यादा ठरविणाऱ्यांनी त्या रकमेत एक वर्ष संसार करून पाहावा.

पात्र माणसाची वाटही सोपी नाही. जिल्हा रुग्णालयातील तपासणी ठरावीक वारी. रांग लांब असली तर पुन्हा खेप. अपंगांना एस. टी. भाड्यात ७५ टक्के सवलत आहे खरी, पण ती दाखला हाती आल्यावर. दाखला आणण्यासाठीचा प्रवास पुऱ्या भाड्याने, बहुधा सोबतीच्या माणसासह आणि त्याची मजुरी बुडवून करावा लागतो. पुढे तलाठी, तहसील, रहिवासाचा दाखला, बँकेचे खाते, आधारची जोडणी. आणि हे सारे झाल्यावर तालुका समितीची बैठक केव्हा भरेल याची प्रतीक्षा. मंजुरीनंतरही हयातीचा दाखला द्यावा लागतो तो निराळाच. अपंग हा शब्द बदलून दिव्यांग करण्यास शासनाला विलंब लागला नाही. शब्दाला खर्च येत नाही.

केंद्र सरकारची तऱ्हा याहून वेगळी नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेतील केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपयांवर थांबला आहे, आणि तोदेखील ८० टक्के अपंगत्व व दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच.

येथे कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहावयास हवे. तहसील कचेरीत बसून अर्ज भरून देणे हे आवश्यक काम आहे. ते थांबता कामा नये. पण ‘प्रकरण मंजूर करून दिले’ हे वाक्य ज्या अभिमानाने उच्चारले जाते, त्याने हक्क मागणारा नागरिक उपकृत होतो. समितीचे अशासकीय अध्यक्षपद पालकमंत्र्यांच्या मर्जीने भरले जाते. तेथील पुढारी याच वाक्यावर मते मिळवितो. त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडणे हे समाजवादी कार्य नव्हे. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात अपंगत्वाच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे; त्यात शिफारशीचा उल्लेख नाही.

उत्पन्न मोजावयाचेच असेल तर ते अपंग व्यक्तीचे मोजावे, कुटुंबाचे नव्हे, ही मागणी प्रत्येक तालुक्यातून गेली पाहिजे. तिच्यासोबत आणखी एक लहानशी मागणी जोडता येईल: नामंजूर अर्जांची कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत. अशा लेखी कारणासाठी किती तहसील कचेऱ्यांवर आजवर मोर्चे गेले?