आधी सॉकेट बघा

लॅमिंग्टन रोडपासून परळ-लालबागेतल्या गल्ल्यांपर्यंत आपल्या सगळ्यांच्या काउंटरवर एक तक्रार हमखास येते : चार्जिंगला लावला की माउस नाचतो. बाण आपोआप कोपऱ्यात पळतो, क्लिक एकीकडे आणि उघडतं भलतंच. आपल्यातले बरेच जण तिथल्या तिथे टचपॅड बदलण्याचा खर्च सांगून मोकळे होतात. टचपॅड बदलला जातो, दुकानात सगळं सुरळीत चालतं, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पुन्हा दारात.

टचपॅडला काही झालेलंच नव्हतं. गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या चाळींमध्ये अर्थिंग नसलेल्या किंवा नावापुरतं अर्थिंग असलेल्या खोल्या आजही कमी नाहीत. थ्री-पिन प्लगला टू-पिनचा जोड लावून वर्षानुवर्षं भागवलेलं असतं. अ‍ॅडॉप्टरमध्ये नॉइज दाबण्यासाठी मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांतून झिरपणाऱ्या किंचित करंटला वाट हवी अर्थची. ती नसली की लॅपटॉपच्या बॉडीवर व्होल्टेज तरंगत राहतं. धातूच्या बॉडीला मनगट टेकलं की मुंग्या येतात आणि बोटाच्या स्पर्शातला बारीक फरक ओळखणारा टचपॅड गोंधळतो.

हे ओळखायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. फोनवरच सांगा : काकू, चार्जरची पिन काढा आणि नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. नाच थांबला? मग तोच चार्जर शेजारच्या नव्या इमारतीत, नाहीतर ऑफिसात लावून बघा. तिथेही थांबला तर संशय सॉकेटवर, नाही थांबला तर चार्जरवर. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते गिऱ्हाईक घरबसल्या करू शकतं.

घरी जायची वेळ आलीच तर मल्टिमीटर आधी बाहेर काढा, लॅपटॉप नंतर. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट, असं असेल तर ठीक. पण घरातला पंखा, फ्रिज, इस्त्री चालू असूनही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दाखवत असेल तर आनंदून जाऊ नका. एखाद्या वायरमनने सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थला तुकडा मारलेला असू शकतो. माउस त्याने शांत होतो खरा, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्या सॉकेटवरच्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर फेज येईल. अशा जागी आपण हात घालायचा नाही. मीटरच्या पुढचं वायरिंग बेस्टचं नव्हे आणि आपलंही नव्हे. परवानाधारक वायरमनला बोलवा, असं स्पष्ट सांगायचं.

यंत्र उघडण्याआधी घराची चौकशी करण्याची सवय आपल्या धंद्याला नाही, आणि माझं गाऱ्हाणं नेमकं हेच आहे. ‘आपोआप बंद होतो’ म्हटलं की आपण थर्मल पेस्टची ट्यूब शोधू लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत टेबलाला जागा कुठून असणार? लॅपटॉप चालतो गादीवर, त्याची हवा आत घ्यायची जाळी असते खाली. ना. म. जोशी मार्गासारख्या ठिकाणी पुनर्विकास सुरू आहे. तिथल्या गिऱ्हाइकाला खिडकी कुठे उघडते हेही विचारा. सिमेंटची बारीक धूळ पावसाळी दमटपणात पंख्याच्या मागच्या पट्ट्यांमध्ये घट्ट बसते, नुसत्या ब्लोअरने निघत नाही.

गणपतीला घर बंद करून कोकणात गेलेली मंडळी परतली की ‘चालूच होत नाही’चे फोन सुरू होतील. चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं आणि मग पुन्हा चार्जर लावून बघायचं, एवढं त्यांना घरी करू द्या. तरीही पडदा काळाच राहिला तर रॅम काढून आयसोप्रोपाइलने पुसणं हे आपलं काम. खोडरबराने घासण्याची जुनी रीत सोडा; त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि सोन्याचा मुलामाही झिजतो.

घरी काय करायचं नाही हेही फोनवरच सांगायला हवं. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट मिटत नाही, म्हणजे बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, आणि झाकण दाबून बसवायचं नाही. काढलेली बॅटरी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकणाऱ्या आपल्याच बांधवांना आठवण : २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम लागू आहेत, ती अधिकृत संकलकाकडेच गेली पाहिजे.

आणि बिटलॉकर. बायोसला हात लावला किंवा मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर लॅपटॉप सुरू केला त्यात असते. ते अकाउंट कुणाचं? कधी पुण्यात शिकणाऱ्या मुलाचं, कधी ऑफिसचं, आणि कधी विकताना दुकानदारानेच घाईत उघडून दिलेलं, ज्याचा पासवर्ड आज कुणालाच आठवत नाही. म्हणून मशीन ताब्यात घेतानाच हे विचारायचं आणि पावतीवर लिहायचं. काम झाल्यावर विचारलं तर भांडण ठरलेलं, आणि लग्नाचे फोटो गेले तर गिऱ्हाइकाचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. फोनवर सगळं सांगून बसलो तर खायचं काय, असं बरेच जण विचारतात. फोनचे पैसे मागू नयेत असं माझं मत आहे. पण घरी जाऊन सॉकेट तपासलं, दोष तिथे सापडला आणि लॅपटॉपचा एकही स्क्रू फिरवला नाही, तरी भेटीची फी पूर्ण घ्यावी, संकोच न करता. पावतीवर ‘तपासणी’ एवढंच लिहू नका. तिन्ही व्होल्टेजचे आकडे लिहा. वायरमन येईल तेव्हा त्याला तेच लागतील, आणि तुम्ही पैसे कशाचे घेतले हे घरच्यांनाही दिसेल.