विश्लेषण : देवमासा दिसल्याच्या एका फोनमुळे जहाजे हळू कशी होतात?

अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगत वावरणारे ‘नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल’ आता चारशेहून कमी उरले आहेत. त्यात पिल्ले देऊ शकतील अशा माद्या जेमतेम 70 च्या आसपास. मासेमारीच्या दोरांत अडकणे आणि जहाजांची धडक बसणे, ही त्यांच्या मृत्यूची दोन मुख्य कारणे. यातील धडक टाळण्यासाठी सामान्य नागरिकांच्या नजरेचीही मदत घेतली जाते.

धडक का बसते?

हा देवमासा काळा, संथ आणि पाठीवर पर नसलेला. पाण्याशी समतल तरंगत असला की जहाजावरून तो दिसतच नाही. पिल्लू असलेली मादी तर बराच वेळ पृष्ठभागाजवळच असते. मोठ्या जहाजाला ऐनवेळी वळता येत नाही, त्यामुळे वेग आधीच कमी ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

नियम काय आहेत?

अमेरिकेत 2008 पासून ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत 65 फूट वा त्याहून लांब जहाजांना 10 नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर, ही वेगमर्यादा सक्तीची आहे. पण देवमासे वेळापत्रक पाळत नाहीत. म्हणून त्याबाहेर एकमेकांजवळ तीन किंवा अधिक राइट व्हेल दिसल्यास, किंवा पाण्याखालील यंत्रांनी त्यांचा आवाज टिपल्यास, तो भाग 15 दिवसांसाठी ‘स्लो झोन’ जाहीर होतो.

नागरिकांनी काय करायचे?

दूर राहून फोटो काढायचा, ठिकाण आणि वेळ टिपायची आणि हेल्पलाइनवर किंवा 2012 मध्ये आलेल्या ‘व्हेल अलर्ट’ या ॲपवर कळवायचे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दुभंगलेला फवारा ही राइट व्हेलची खूण. डोक्यावरच्या खरखरीत पांढुरक्या चट्ट्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी असल्याने, चांगल्या फोटोवरून तो नेमका कोणता देवमासा हेही ओळखता येते.

यंत्रे असताना माणसे कशाला?

आवाज टिपणारी यंत्रे रात्रंदिवस चालतात, धुके किंवा लाटांनी त्यांचे अडत नाही. अडचण वेगळीच आहे : पिल्लासोबतची मादी फारसा आवाज करत नाही. म्हणजे ज्यांना जपण्याची सर्वाधिक गरज, त्याच यंत्रांना सापडत नाहीत. तिथे बोटीवरचा किंवा किनाऱ्यावरचा माणूसच कामी येतो.

मग घोडे कुठे अडते?

‘स्लो झोन’मधील वेगमर्यादा ऐच्छिक आहे. शिवाय छोट्या बोटी सक्तीच्या नियमातूनही सुटतात. फेब्रुवारी 2021 मध्ये फ्लोरिडाजवळ 54 फुटी बोटीच्या धडकेत एक पिल्लू मेले. बोट 65 फुटांपेक्षा लहान, त्यामुळे तिला मर्यादाच लागू नव्हती. ही मर्यादा 35 फूट वा त्याहून लांब बोटींनाही लावण्याचा प्रस्ताव 2022 मध्ये आला. बोटमालक आणि व्यावसायिकांचा विरोध झाला आणि जानेवारी 2025 मध्ये तो मागे घेण्यात आला. लोकांनी कितीही तत्परतेने कळवले, तरी पुढचा निर्णय सुकाणू हाती असलेल्याच्या मर्जीवरच राहिला.

अरबी समुद्राचे काय?

इथले हंपबॅक देवमासे इतरांसारखे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत, वर्षभर याच समुद्रात राहतात. त्यांची संख्याही फारच कमी आहे. मुंबई आणि न्हावाशेव्याकडे येणारी मालवाहू जहाजे याच पाण्यातून जातात.