पाचापैकी दोन

दिवाळी आली की इतरांच्या घरी फळीवरून सोऱ्या खाली उतरतो; आमच्या घरी त्याच्या जोडीने सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही उतरतात. आत सौभाग्यवती भाजणी मळत असते आणि बाहेर मी, मराठीचा प्राध्यापक, लाल पेन्सिल परजून बसतो.

यंदा नाट्यसंज्ञा विचारल्या होत्या. नांदी म्हणजे नाटकाच्या आरंभीचे मंगलगान, हे बहुतेकांना ठाऊक होते. नेपथ्य म्हटल्यावर मुलांना रंगवलेले पडदे आणि सोफा आठवला. मराठीत आज तोच अर्थ रूढ आहे, तेव्हा गुण कापता येईनात. पण संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे नटांचा वेश, आणि तो जिथे चढवायचा ती पडद्यामागची जागा. 'स्वगत म्हणजे शेजारच्या पात्राला ऐकू न जाता शेवटच्या रांगेत ऐकू जाणारे मनातले बोलणे' असे एका पठ्ठ्याने लिहिले. त्याला मी हसत हसत पूर्ण गुण दिले.

गाडी अडली ती शोकांतिकेपाशी. 'थोर नायकाचा स्वतःच्या चुकीमुळे झालेला, करुणा व भीती जागवणारा विनाश' ही ॲरिस्टॉटलच्या आधाराने मी सांगितलेली व्याख्या सर्वांनी इमानाने उतरवली होती. एका मुलीने मात्र लिहिले होते, 'शेवटी कोणी मरते म्हणून शोकांतिका होत नाही. हे टळले असते, असे आपल्याला वाटत राहते ती शोकांतिका.' ना ॲरिस्टॉटल, ना करुणा! मी पाचापैकी दोन गुण दिले.

चहा घेऊन आलेल्या सौ.ने ते वाचले.

"अहो, दोनच?"

"थोर नायक कुठे आहे यात?"

ती क्षणभर थांबली. "आमचा दादा कुठे थोर होता? कचेरीत कारकुनी करायचा. दारूपायी गेला. त्या दिवाळीला रागानं मी त्याला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर, असं अजून वाटतं."

ती आत गेली. चहा तसाच राहिला.

मला 'एकच प्याला' आठवला. मुन्सफाशी खटका उडून वकिलीची सनद काही काळ गेली, म्हणून खचलेल्या सुधाकरापुढे तळीराम पहिला प्याला करतो. गडकरी 1919 साली वारले. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे सुधाकराने तो प्याला एकदाही खाली ठेवलेला नाही. तरीही दर प्रयोगाला आपल्याला वाटते, आज ठेवील. ॲरिस्टॉटलचा 'हामार्तिया' हा शब्द तरी काय सांगतो? त्याच्या मुळाशी नेम चुकणे आहे. चुकलेला नेम लागूही शकला असता! म्हणजे ती मुलगी ॲरिस्टॉटलचे नाव न घेता त्याच्या दारापर्यंत पोचली होती, आणि दार मी लावून घेतले होते.

विद्यार्थ्यांनो, व्याख्या पाठ जरूर करा. परीक्षेत त्या तारतात. पण पाठ झाल्यावर त्या आपल्या घरातल्या माणसांना लावून पाहा.

मी दोनाचे पाच केले.

भाऊ नसलेल्या बहिणी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. गेली चार वर्षे सौ. गच्चीवर जाऊन ओवाळते. यंदा निरांजनाचे ताट धरून मीही तिच्याबरोबर वर गेलो.