येण्याचे कारण



बँकेत कर्जप्रस्ताव छाननीसाठी आला की आमचे एक जुने वरिष्ठ प्रथम आकड्यांकडे पाहत नसत. ते अर्जातील एका ओळीवर बोट ठेवीत. ती ओळ म्हणजे ‘कर्जाचे प्रयोजन’. यंत्रासाठी घेतलेली रक्कम घरच्या लग्नात खर्च झाली, तर हप्ते वेळेवर येत असले तरी त्या खात्यावर आमची नजर राही. माणूस तोच, पैसाही तोच. परंतु सांगितलेला हेतू आणि प्रत्यक्ष वापर यांत अंतर पडले की विश्वासाला तडा जातो. निवृत्तीनंतर ही ओळ पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते. ती भेटली, आणि तीही एका व्हिसाच्या अर्जात.

सांगलीचे माझे एक स्नेही हळदीचे व्यापारी आहेत. तीन पिढ्यांची अडत, मार्केट यार्डात नाव, मंदिराच्या विश्वस्त मंडळात स्थान. त्यांचा धाकटा मुलगा जर्मनीत अभियंता आहे. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच विषय साधा नाही हे मी ओळखले. मुलाने तेथील एका जर्मन मुलीशी विवाह करण्याचे ठरवले होते. मात्र त्या मुलीचा एक आग्रह होता : लग्नाचे पुढचे बोलणे होण्यापूर्वी तिला दिवाळीत सांगलीस येऊन मुलाच्या आईवडिलांना भेटायचे होते.

“साहेब, एजंट म्हणतो बिझनेस व्हिसा काढा,” ते म्हणाले. “आपल्या पेढीच्या लेटरहेडवर निमंत्रणपत्र द्यायचं. वर्षभर चालतो म्हणे. तुम्ही मसुदा तेवढा करून द्या.”

मी विचारले, “अण्णा, ती हळद खरेदी करायला येणार आहे का?”

ते हसले नाहीत. “नाही. पण कागदावर तसं म्हटलं तर काय बिघडतं?”

काय बिघडते, हे सांगण्यासाठीच आजचा लेख. आपल्या अनेक घरांतील मुले आज परदेशी आहेत, आणि हा प्रसंग उद्या कोणाच्याही उंबरठ्यावर येऊ शकतो.

भारताचा व्हिसा देताना शासन पाहते ते येणाऱ्याचे प्रयोजन. बिझनेस व्हिसा हा व्यवसायाच्या संधी पाहणे, मालाची खरेदी-विक्री, तांत्रिक वा व्यापारी बैठका, संचालक मंडळाची सभा अशा कामांसाठी असतो. सावकारीसाठी, किरकोळ व्यापारासाठी किंवा येथे पूर्णवेळ नोकरी करण्यासाठी तो दिला जात नाही. आपल्या पेढीचा परदेशी भागीदार, यंत्र पुरवणारा किंवा माल घेणारा पाहणीस येत असेल, तर त्याने हाच व्हिसा घेणे योग्य. तेथे उलट चूक होते. ‘चारच दिवसांचे काम आहे’ म्हणून त्याला पर्यटक म्हणून बोलावले जाते आणि मग तो वखारीत नमुने तपासत बसतो. तीही हेतूची फसगतच.

टुरिस्ट व्हिसाचे नाव मात्र थोडे फसवे आहे. अजिंठा-वेरूळ पाहणाऱ्यापुरताच तो नाही. मित्रांना अथवा नातलगांना सहज भेटण्यासाठी येणेही त्याच प्रवर्गात बसते. होणाऱ्या पतीच्या आईवडिलांना भेटावयास येणारी मुलगी त्या चौकटीत सरळ बसते. तिच्यासाठी खोटे पत्र रचण्याची गरजच नव्हती.

जर्मन नागरिकांना भारताचा ई-व्हिसा मिळतो. ई-टुरिस्ट व्हिसा तीन मुदतींचा असतो : 30 दिवस, 1 वर्ष आणि 5 वर्षे. येथे एक बारकावा आहे. 30 दिवसांच्या व्हिसाची मुदत भारतात प्रथम उतरल्याच्या दिवसापासून मोजली जाते. एक व पाच वर्षांच्या व्हिसाची मुदत मात्र मंजुरीच्या दिवसापासूनच सुरू होते. शिवाय व्हिसाची मुदत आणि सलग राहण्याची मर्यादा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षे मुक्काम नव्हे. मंजुरीपत्रावर लिहिलेली मर्यादा शब्दशः वाचावी, कारण ई-व्हिसाला मुदतवाढ मिळेल असे गृहीत धरून चालत नाही. पारपत्राची मुदत आगमनापासून किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. अर्ज शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा. हुबेहूब तसेच दिसणाऱ्या अन्य स्थळांवर कित्येक पट शुल्क उकळले जाते.

हे सारे मी अण्णांना सांगितले. ते ऐकत होते, पण समाधान चेहऱ्यावर नव्हते. मग त्यांनी दुसरा प्रस्ताव काढला. “येतेच आहे तर महिन्याभरात लग्न उरकून टाकू. पुन्हा पुन्हा चर्चा नको.”

त्यावरही मला नकारच द्यावा लागला. हिंदू विवाह कायदा, 1955 हा जैनांनाही लागू आहे, परंतु वधू-वर दोघेही त्या कायद्याच्या कक्षेत असतील तरच. मुलगी ख्रिस्ती आहे. तेव्हा येथे नोंदणी करावयाची तर विशेष विवाह कायदा, 1954 हा मार्ग. त्यानुसार नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. नोटीस दिल्यानंतर हरकतींसाठी आणखी 30 दिवस थांबावे लागते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती निरुपयोगी ठरते. अण्णांचा मुलगा स्वतः जर्मनीत राहतो. सांगलीत सलग 30 दिवस त्याचेही वास्तव्य नाही. म्हणजे हिशेब दोन महिन्यांच्या पुढे गेला. त्यातच वधू अविवाहित असल्याचा तिच्या देशातील दाखला नोंदणी अधिकारी सहसा मागतात. तो आणण्यास वेळ लागतो. 30 दिवसांच्या व्हिसात हे गणित बसत नाही.

“मंदिरात विधी करून घेऊ, नोंदणी नंतर बघू,” असे पुष्कळ जण म्हणतात. विधीचे पावित्र्य मला मान्य आहे. परंतु पुढचे प्रत्येक दार नोंदणीच्या दाखल्यानेच उघडते. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ‘एंट्री’, अर्थात एक्स प्रवर्गाचा व्हिसा मागता येतो, तो विवाहाच्या पुराव्यावर. ओसीआय कार्डासाठी तर विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो, आणि सुरक्षाविषयक पडताळणीही होते. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. त्या कार्डावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. विवाहाच्या आधारे नागरिकत्वासाठी अर्ज करावयाचा तर भारतात सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

अण्णा उठले. दारापाशी थांबून म्हणाले, “साहेब, बिझनेस व्हिसा असता तर बरं झालं असतं. यार्डात कुणी विचारलं तर सांगता आलं असतं, जर्मनीची पार्टी आहे, हळद बघायला आलीय.”

तेव्हा मला खरे प्रयोजन समजले. वर्षभराची मुदत हे निमित्त होते. लेटरहेडच्या आड त्यांना ती मुलगी लपवायची होती. शासनापासून नव्हे, यार्डापासून, मंदिरातील मंडळींपासून, आणि थोडी स्वतःपासूनही.

मी उपदेश केला नाही. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय त्यांना माझ्याहून अधिक पाठ आहे. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत आचार्य उमास्वामींनी ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख रचणे, स्पष्ट नोंदवली आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो. राज्याच्या नियमांचे उल्लंघन चोरीच्या प्रकरणात घालणारी ती दृष्टी व्यापाऱ्यांना चांगली ओळखणारी असली पाहिजे. मी एवढेच म्हणालो, “अण्णा, विमानतळावरचा अधिकारी तिला विचारेल, कशासाठी आलात? ती मुलगी खरे बोलली तर तुमचे पत्र खोटे ठरेल. तुमचे पत्र खरे ठरवायचे तर तिला खोटे बोलावे लागेल. सून म्हणून घरात येण्याआधी तिला पहिला धडा कोणता द्यायचा, ते तुम्ही ठरवा.”

त्यानंतर आठवडाभर काही कळले नाही. मग मुलाचा फोन आला. मुलगी ई-टुरिस्ट व्हिसाचा अर्ज भरत होती आणि एका रकान्यापाशी अडली होती. अर्जात भारतातील एका व्यक्तीचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी संदर्भ म्हणून द्यावा लागतो. तिने मुलास विचारले, कोणाचे लिहू? मुलाने वडिलांना विचारले. वडील दोन दिवस उत्तरच देत नव्हते. “काका, मुंबईच्या एखाद्या हॉटेलचं नाव टाकू का?” मुलाचा आवाज उतरला होता.

मी त्याला थांबावयास सांगितले. बँकेत जामीनदाराच्या सहीसाठी मी अनेकदा थांबलो आहे. घाई केली की माणूस पेन खाली ठेवतो.

तिसऱ्या दिवशी अण्णांनीच फोन केला. “साहेब, माझं नाव आणि घरचा पत्ता कळवला मुलाला. दुकानाचा नाही, घरचा. हिचं म्हणणं, येणार आपल्या घरी, तर पत्ता दुसऱ्याचा कशाला?” वहिनींनी निर्णय दिला होता. आपल्या घरांत कठीण निर्णय बहुधा असेच, स्वयंपाकघरातून येतात.

व्हिसा मंजूर झाला. आता यजमानाची जबाबदारी उरली, आणि ती पुष्कळांना ठाऊकच नसते. परदेशी नागरिक मुक्कामास आला की त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवणे हे निवास देणाऱ्याचे कर्तव्य आहे. सर्वत्र ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंद केवळ हॉटेलांनी करावयाची नसून, घरी पाहुणा उतरवणाऱ्यानेही करावयाची असते. यात भिण्यासारखे काही नाही. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हे परकीय नागरिक नोंदणी अधिकारी असतात. शंका असल्यास त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे. मुदत ओलांडून राहणे मात्र गंभीर आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 1946 चा जुना परकीय नागरिक कायदा आता राहिलेला नाही.

मुलगी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आली. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तिला येण्याचे कारण विचारले. ‘होणाऱ्या सासूसासऱ्यांना भेटायला,’ असे तिने सांगितले. त्याने शिक्का मारला. यापेक्षा अधिक काही घडले नाही, आणि खऱ्या कागदाचे हेच तर सुख असते.

सी फॉर्म अण्णांनी स्वतः भरला. त्याची छापील प्रत घेऊन ते मला दाखवावयास आले, जणू एखाद्या मोठ्या सौद्याची पावती. निर्वाण लाडूच्या पहाटे मी मंदिरात होतो. वहिनींच्या मागे ती मुलगी साडी सावरीत उभी होती. दर्शन झाल्यावर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी अण्णांना विचारले, “पाहुण्या कुठल्या?”

अण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “जर्मनीच्या. आमची होणारी सून.”

विश्वस्त काही क्षण गप्प राहिले. त्यानंतर त्यांनी हातातील द्रोणातला लाडू तिच्यापुढे केला. सर्वांनी ते मनापासून स्वीकारले असे मी म्हणणार नाही. दोन दिवस यार्डात कुजबुज होती, आजही थोडी असेल. पण कुजबुजीला खोट्याचा आधार मिळाला नाही, म्हणून ती वाढली नाही.

लग्न कोठे करावयाचे, जर्मनीत नोंदवून येथे विधी करावयाचे की दोन-अडीच महिन्यांची सवड काढून येथेच नोंदवावयाचे, हे ते दोघे ठरवीत आहेत. व्हिसाचा प्रवर्ग त्या निर्णयानंतर ठरेल, आधी नाही. वाचकहो, एवढा क्रम सांभाळला तरी पुरे : प्रथम येण्याचे खरे कारण घरात मोकळेपणाने बोलावे, मग त्या कारणाला साजेसा व्हिसा शोधावा. बहुतेक अडचणी हा क्रम उलटा केल्याने येतात.