गोळी विसरली, म्हणून तिलाच बोल?

पाचगणी म्हटलं की पाहुण्यांना टेबललँड आणि स्ट्रॉबेरी आठवते. आमच्या सातारा-सांगलीतल्या कितीतरी घरांना आठवतं ते बेल-एअर रुग्णालय. १९१२ साली क्षयरोग्यांसाठी सुरू झालेल्या या संस्थेने पुढे एचआयव्हीच्या रुग्णांनाही जवळ केलं. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधं फुकट मिळू लागली. माणसं जगू लागली. पण जगणाऱ्या बाईच्या डोक्यात काय चाललंय, हे विचारायला सवड कुणाला आहे?

हा विषाणू लागणीनंतर काही आठवड्यांतच मेंदूत पोचू शकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बसून तो जातो आणि मेंदूतल्या राखणदार पेशींत ठाण मांडतो. मज्जापेशींत तो सहसा शिरत नाही. बाधित पेशींतून सुटणारी विषारी द्रव्यं आणि सततचा दाह त्यांची हानी करतात. मग विचार मंदावतो, हातातलं काम चुकतं, चाल अडखळते, कशातच मन लागत नाही. औषधांमुळे पुरता स्मृतिभ्रंश आता क्वचित होतो. सौम्य त्रास मात्र औषधं चालू असतानाही राहू शकतो.

पुरुष विसरला तर ‘त्याच्या डोक्याला ताप फार’. बाईचं दूध उतू गेलं की ती ढोंगी, आळशी, नाहीतर ‘बाहेरचं’ झालेली! विधवा असेल तर जमिनीच्या कागदावर अंगठा घ्यायला हीच वेळ सोयीची. राहत्या घरातून तिला काढता येत नाही, असं २०१७ चा एचआयव्ही कायदा सांगतो. तो तिला वाचून कोण दाखवतं?

आणि आम्ही समाजसेविका? उरलेल्या गोळ्या मोजतो आणि रागावतो. अहो, गोळी विसरणं हेच लक्षण असेल तर?

तपासायला यंत्र लागत नाही. चार शब्द सांगून थोड्या वेळाने विचारायचे, बोटं भराभर आपटायला लावायची, मूठ-तळवा-हाताची कड हा क्रम करून घ्यायचा. २००५ पासून ही चाचणी उपलब्ध आहे, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही जमते. एवढ्याने निदान होत नाही, हे खरं. क्षयाचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर, नैराश्य यांतही असंच दिसतं, आणि त्यांवर उपचार आहेत.

दर केंद्रावर वर्षातून एकदा ही चाचणी झालीच पाहिजे. जी अडखळेल तिच्या कार्डावर ‘हयगय’ लिहिण्याआधी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवा. एसटीचं भाडं कोण देणार, तेही त्याच चिठ्ठीवर लिहा.